घरी बांधलेल्या गाडीला क्लच मास्टर सिलिंडर कोणता बसवायचा? मापाचा सोपा हिशेब

भंगारातले भाग जोडून बांधलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची छोटी जीप तर देशभर गाजली. दुचाकीचं इंजिन, जुने सुटे भाग आणि सुमारे ६० हजार रुपये खर्च करून त्यांनी ती बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला त्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली.

असे व्हिडिओ पाहून अनेकांचे हात शिवशिवतात. कुणाकडे गोठ्यामागे जुनी जीप उभी असते, कुणी अभियांत्रिकीच्या स्पर्धेसाठी गाडी बांधत असतो, तर कुणाला शेतात फिरायला छोटी गाडी हवी असते. इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, वेल्डिंगही होतं. पण क्लचपाशी गाडी अडते. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नाही, किंवा पेडल इतकं जड होतं की पाय भरून येतो. बहुतेक वेळा यामागे एकच कारण असतं, ते म्हणजे चुकीच्या मापाचा मास्टर सिलिंडर.

हा सिलिंडर नेमका काय करतो, त्याचं माप कसं काढायचं आणि विकत घेताना काय बघायचं, हे या लेखात समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

मास्टर सिलिंडर एकटा निवडायचा नसतो. देवणीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्या तालुक्याच्या नावाने गाईबैलांची एक जात ओळखली जाते, तिथे बैल घेताना पहिला प्रश्न असतो तो 'जोडी जुळते का?' हाच. एक बैल कितीही ताकदीचा असला आणि दुसऱ्याची चाल त्याच्याशी जुळत नसेल, तर औत सरळ चालत नाही. मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर यांचंही तसंच आहे. म्हणून माप नेहमी खालून वर काढायचं. आधी क्लचला किती सरक लागते ते बघायचं, मग स्लेव्ह, मग मास्टर आणि शेवटी पेडल.

किट कार म्हणजे काय?

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून मालकाने स्वतः जोडलेली गाडी. सांगाडा आणि बॉडी एका कंपनीची असते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल एखाद्या जुन्या गाडीतून काढलेले असतात. ब्रिटनमध्ये हा प्रकार खूप रुजला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' ही हलकी गाडी आणली. तयार गाडीवर तिथे खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर तो वाचायचा. त्यामुळे लोक संच घेऊन घरीच गाडी जोडायचे. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिचा वारसा आजही सुरू आहे.

आपल्याकडे असे तयार संच मिळणं दुर्मीळ. इथे किट कार म्हणजे बहुधा एका गाडीचं इंजिन, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीचं पेडल आणि गावच्या वेल्डरने बांधलेला सांगाडा. त्यामुळे भाग एकमेकांशी जुळवण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिकच मोठा होतो.

आधी कायदा समजून घ्या

पैसे घालण्याआधी हा भाग वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे.

नव्या बनावटीची गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या तिन्ही महाराष्ट्रात आहेत. पण ही तपासणी उत्पादकांसाठी आखलेली आहे. एकाच गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. देवराष्ट्र्याच्या जीपचं कौतुक करतानाही ती नियमांत बसत नाही, हे आनंद महिंद्रा यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

मग करता काय येतं? स्वतःच्या शेतात किंवा खासगी जागेत गाडी चालवणं, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बंद मैदानावर चालवणं, आणि नोंदणी असलेल्या गाडीत मूळ मापाचाच खराब भाग बदलणं. शेवटचा प्रकार ही निव्वळ दुरुस्ती असते, बदल नव्हे. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. तिचा सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही.

हायड्रॉलिक क्लच कसं काम करतं?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला घट्ट दाबून ठेवते, त्यामुळे इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. गिअर बदलताना ही पकड क्षणभर सोडावी लागते. त्यासाठी रिलीज बेअरिंगने स्प्रिंगच्या बोटांवर दाब द्यायचा असतो.

हा दाब तुमच्या पायापासून बेअरिंगपर्यंत असा जातो:

१. पेडल दाबलं की पुश रॉड मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो.
२. मास्टरमधलं ब्रेक ऑइल बारीक नळीतून खाली जातं.
३. ते गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन बाहेर ढकलतं.
४. स्लेव्हची दांडी फोर्क हलवते आणि फोर्क बेअरिंग पुढे सरकवतो.

घरी प्रयोग करून बघायचा असेल तर एक बारीक आणि एक जाड सिरिंज घ्या, दोन्हींत पाणी भरा आणि नळीने जोडा. बारीक सिरिंज दाबायला सोपी जाते, पण ती बरीच दाबली तरी जाड सिरिंज थोडीच सरकते. उलट केलं तर जाड सिरिंज दाबायला जड जाते, पण थोडं दाबलं की बारीक सिरिंज झटकन पुढे येते. पहारीने दगड हलवतानाही हेच होतं. लांब दांडा धरला की जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावा लागतो.

मास्टर सिलिंडरच्या निवडीचं सगळं शास्त्र यात आलं. मोठा बोअर घेतला म्हणजे क्लच चांगला झाला, हा समज चुकीचा आहे. मोठ्या बोअरने पेडल कमी दाबावं लागतं, पण ते जड होतं. लहान बोअरने ते हलकं होतं, पण जास्त दाबावं लागतं. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास.

तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच लागतो का?

दरवेळी लागत नाही. मारुती ८०० आणि जिप्सीचा क्लच केबलवर चालायचा. जुन्या जीपमध्ये दांड्या आणि तरफांची जोडणी असायची. दुचाकीच्या इंजिनाला तर केबलच सोपी पडते. केबल सरळ आणि कमी वळणांची नेता येत असेल, तर तिच्यावर समाधान माना. ती स्वस्त असते आणि गावातच दुरुस्त होते.

हायड्रॉलिकचा फायदा वेगळ्या परिस्थितीत होतो. स्टिअरिंग, सायलेन्सर किंवा सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या मध्ये येत असतील, इंजिन मागे असेल, किंवा ज्या गाडीचा गिअरबॉक्स घेतलाय तिला मुळातच हायड्रॉलिक क्लच असेल, तर नळी कुठूनही वळवून नेता येते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे, गिअरबॉक्स ज्या गाडीचा आहे, त्याच गाडीचा, त्याच मॉडेलचा मास्टर आणि स्लेव्ह घ्या. क्वालिसचा गिअरबॉक्स असेल तर जोडीही क्वालिसची. ती कंपनीनेच जुळवलेली असते. मग फक्त तुमच्या पेडलचं प्रमाण मूळ गाडीसारखं आहे का, एवढं तपासायचं राहतं. जोडी फोडावी लागत असेल, तेव्हा पुढचा हिशेब करा.

माप खालून वर कसं काढायचं?

चार मापं लागतात. व्हर्नियर कॅलिपर आणि साधी पट्टी पुरते.

पहिलं माप: बेअरिंगची सरक. क्लच पूर्ण सुटायला बेअरिंग किती मिलिमीटर पुढे जायला हवं? नक्की आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. आपल्या उदाहरणासाठी ८ मिमी धरू.

दुसरं माप: फोर्कचं प्रमाण. फोर्कच्या टेकूपासून स्लेव्हच्या दांडीपर्यंतचं अंतर भागिले टेकूपासून बेअरिंगपर्यंतचं अंतर. समजा ते १.८ आलं. म्हणजे स्लेव्हची दांडी ८ × १.८ = १४.४ मिमी सरकायला हवी.

तिसरं माप: स्लेव्हचा बोअर. तो अनेकदा सिलिंडरच्या अंगावर उठवलेला असतो, कधी मिमीमध्ये, कधी इंचात. नसेल तर उघडून मोजा. समजा तो २२.२ मिमी, म्हणजे ७/८ इंच आहे. त्याचं क्षेत्रफळ ३८७ चौरस मिमी. त्याला १४.४ मिमी सरकवायला सुमारे ५.६ मिली ऑइल लागेल.

चौथं माप: पेडलचं प्रमाण. पेडलच्या खिळीपासून पाय ठेवण्याच्या जागेपर्यंतचं अंतर भागिले खिळीपासून पुश रॉडच्या पिनपर्यंतचं अंतर. ३०० मिमी आणि ५० मिमी असेल तर प्रमाण ६. साधारणपणे ५ ते ७ च्या दरम्यानचं प्रमाण सोयीचं पडतं.

आता खरा प्रश्न एवढाच उरतो की हे ५.६ मिली ऑइल ढकलायला मास्टरचा पिस्टन किती सरकावा लागेल?

एकच क्लच, चार मास्टर

समजा या क्लचच्या बेअरिंगवर १५० किलोचा दाब द्यावा लागतो. बाकी सगळं तेच ठेवून फक्त मास्टर बदलला, तर असं चित्र दिसतं:

- १५.९ मिमी (५/८ इंच): पिस्टन २८ मिमी सरकतो. पेडल १६९ मिमी दाबावं लागतं. पायावर जोर ७ किलो.
- १७.८ मिमी (०.७ इंच): पिस्टन २२.४ मिमी सरकतो. पेडल १३५ मिमी. जोर ९ किलो.
- १९ मिमी (३/४ इंच): पिस्टन १९.६ मिमी सरकतो. पेडल ११८ मिमी. जोर १० किलो.
- २२.२ मिमी (७/८ इंच): पिस्टन १४.४ मिमी सरकतो. पेडल ८६ मिमी. जोर १४ किलो.

पेडलचं अंतर आणि पायाचा जोर यांचा गुणाकार करून बघा. चारही वेळा उत्तर १२०० च्या आसपास येतं. बेअरिंगकडेही १५० किलो गुणिले ८ मिमी म्हणजे १२०० च. याचा अर्थ सिलिंडर बदलून मेहनत वाचत नाही, ती फक्त अंतरात किंवा जोरात वाटली जाते. 'या मास्टरने क्लच हलकाही होईल आणि पेडलही कमी दाबावं लागेल' असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

या उदाहरणात कोणता घ्यावा? पहिल्याला १६९ मिमी पेडल लागतं. छोट्या गाडीच्या पायाशी एवढी जागा नसते. चौथा चालेल, पण गर्दीत पुन्हापुन्हा १४ किलो दाबताना पाय दमतो, आणि क्लच अगदी कमी अंतरात धरतो-सुटतो, त्यामुळे गाडी झटके देते. १७.८ किंवा १९ मिमी हे मधले पर्याय बरे.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात पिस्टनचा पहिला दीड-दोन मिमी प्रवास ऑइलचं छिद्र बंद करण्यात जातो. रबरी होज थोडी फुगते, पेडलचा ब्रॅकेट थोडा वाकतो. म्हणून पिस्टनच्या प्रवासात २-३ मिमी वाढवून धरा. १९ मिमीच्या मास्टरला मग सुमारे २२ मिमी प्रवास आणि १३२ मिमी पेडल लागेल. सिलिंडरचा एकूण स्ट्रोक यापेक्षा जास्त असायलाच हवा.

उलट बाजूने, पेडलची जागा ठरलेली असेल तर हे सूत्र वापरा: मास्टरचा बोअर = स्लेव्हचा बोअर × (स्लेव्हची सरक ÷ मास्टरचा प्रवास) याचं वर्गमूळ. आपल्या उदाहरणात मास्टरला २० मिमी प्रवास देता येत असेल, तर १४.४ ÷ २० = ०.७२. त्याचं वर्गमूळ ०.८५. त्याला २२.२ ने गुणलं की १८.८ मिमी. बाजारात मिळणारं जवळचं माप १९ मिमी.

स्लेव्ह मोजता येत नसेल तर?

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतो. गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगलाच जोडलेला गोल सिलिंडर असतो. त्याचा बोअर पट्टीने मोजणं अवघड जातं. अशा वेळी मोठी सिरिंज कामी येते. गिअरबॉक्स बसवण्याआधी सिलिंडरमधली हवा काढून घ्या. मग सिरिंजने हळूहळू ब्रेक ऑइल सोडत बेअरिंग ठरलेल्या अंतरापर्यंत सरकवा आणि किती मिली लागलं ते लिहून ठेवा. मर्यादेपलीकडे ढकलू नका, पिस्टन बाहेर निसटतो.

मिली हाती आले की पुढचा हिशेब सोपा. मिलीला १००० ने गुणा आणि मास्टरच्या क्षेत्रफळाने भागा. उत्तर पिस्टनचा प्रवास मिमीमध्ये येतं. १५.९ मिमी बोअरचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिमी, १७.८ चं २४८, १९ चं २८५ आणि २२.२ चं ३८७.

दुकानात काय बघायचं?

देवणीहून उदगीर, तिथे नाही मिळालं तर लातूर, नांदेड किंवा सीमेपलीकडे बीदर. चुकीचा भाग आणला तर एक दिवस आणि गाडीभाडं वाया जातं. म्हणून निघण्याआधी जुना स्लेव्ह, नळीचा तुकडा आणि कागदावरची मापं सोबत घ्या. हे मुद्दे तपासा:

तो क्लचचाच मास्टर आहे ना? ब्रेकचा मास्टर दिसायला सारखा असतो. पण ड्रम ब्रेकच्या काही जुन्या मास्टरमध्ये नळीत थोडा दाब कायम ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. क्लचला तो लावला तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं, प्लेट घसरते आणि बेअरिंग लवकर जातं. दोन भागांचा टँडम मास्टर क्लचला घेऊ नका.

बोअर आणि स्ट्रोक. दोन्ही विचारा. फक्त 'स्कॉर्पिओचा द्या' म्हणू नका, मॉडेल आणि वर्ष सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात.

नळीचे आटे. काही सिलिंडरना मेट्रिक आटे असतात, काहींना इंचाचे. जवळपास सारखे दिसतात, दोन फेरे जातातही, पण मग आटे मरतात. नळीच्या टोकाचा फुगवटाही बसण्याच्या जागेशी जुळला पाहिजे. इथे गळती थांबते ती या फुगवट्यामुळे, आट्यांमुळे नाही. म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा आत गेला तर बारीक छिद्र बुजतं.

ऑइलची टाकी. ती सिलिंडरवरच असते किंवा वेगळी. बॉनेटखाली उंची कमी असेल तर वेगळी टाकी घ्या. ती मास्टरपेक्षा वर राहिली पाहिजे.

फ्लँजचे बोल्ट आणि पुश रॉड. बोल्टची भोकं आडवी आहेत की उभी, त्यांच्यातलं अंतर किती, रॉडची लांबी कमीजास्त करता येते का, हे बघा.

जुना की नवा? भंगारातून सिलिंडर घेतलात तर आतली भिंत बोटाने आणि टॉर्चने तपासा. गंजाचे खड्डे किंवा चरे दिसले तर नवं रबर किट टाकूनही तो टिकणार नाही. पैशांत फार फरक नसेल तर नामांकित कंपनीचा नवाच घ्या.

'ब्रेक ऑइल' म्हणजे तेल नव्हे

आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव खनिज तेल नाहीत, ते ग्लायकॉलवर आधारलेले असतात. सिलिंडरमधली रबरं त्यांच्यासाठीच बनवलेली असतात. शेडमध्ये ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल हाताशी आहे म्हणून ते ओतलं, तर ही रबरं फुगतात आणि पिस्टन अडकतो. मग रबर, होज सगळंच बदलावं लागतं.

डब्यावरचं नाव वाचा. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नव्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० अंश असतो. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतात. ओल शिरली की हेच किमान आकडे १४० आणि १५५ अंशांवर येतात. नळी सायलेन्सरजवळून गेली तर आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून नळी उष्णतेपासून लांब न्या आणि पावसाळ्यात अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं द्रव आहे, ते यांच्यात मिसळू नका. शिवाय ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

बसवताना होणाऱ्या चुका

पातळ पत्रा. घरी बांधलेल्या गाडीत पेडलमागचा पत्रा पातळ असतो. पेडल दाबलं की तो मागेपुढे होतो आणि पिस्टनचा प्रवास तिथेच खर्च होतो. मागून जाड प्लेट लावा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून सिलिंडरकडे बघा. सिलिंडर हलता कामा नये.

तिरका पुश रॉड. रॉड पिस्टनच्या रेषेत जवळपास सरळ हवा. तिरका असेल तर पिस्टन एका बाजूने घासून रबर फाटतं.

मोकळीक न ठेवणं. पेडल सोडल्यावर रॉड आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिमी फट हवी. नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडचं छिद्र बंदच राहतं. इंजिन तापलं की ऑइल पसरतं, त्याला वाट मिळत नाही आणि क्लच आपोआप सुटायला लागतो.

पेडलला अडथळा नसणं. मास्टर मोठा असेल तर तो गरजेपेक्षा जास्त ऑइल ढकलतो. त्यामुळे स्प्रिंगची बोटं वाकतात किंवा स्लेव्हचा पिस्टन बाहेर येतो. क्लच पूर्ण सुटतो तिथून थोडं पुढे पेडलखाली पक्का स्टॉपर लावा.

नळी. स्टीलची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची ब्रेक नळी वापरा. साधी तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. इंजिन हलत असतं, म्हणून शेवटचा तुकडा ब्रेकसाठीच्या रबरी होजचा हवा. पेट्रोलची नळी इथे चालत नाही.

हवा काढणं. स्लेव्हचा निप्पल सगळ्यात वरच्या बाजूला आला पाहिजे. तो खाली असेल तर हवा आतच अडकते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा आणि मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हे करा आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका.

चालवण्याआधी तपासणी

गाडी सपाट जागी लावा. चाकांना पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक ओढा. पुढे आणि मागे कुणी, विशेषतः मुलं, उभी नाहीत ना ते बघा. क्लच अर्धवटच सुटत असेल तर गिअर पडताच गाडी उडी मारते. शेतात बांधलेल्या गाडीभोवती बघ्यांची गर्दी असते, हे लक्षात ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका, पक्के स्टँड लावा.

१. इंजिन बंद असताना एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने स्लेव्हच्या दांडीची सरक मोजावी. आपल्या उदाहरणात ती १४.४ मिमीच्या आसपास यायला हवी. बरीच कमी आली तर आधी हवा आणि वाकणारा पत्रा तपासा, नंतरच मास्टरला दोष द्या.

२. पेडल एक मिनिट दाबून धरा. दांडी हळूहळू मागे येत असेल तर गळती आहे. बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टरच्या आतलं रबर गेलेलं असतं.

३. इंजिन सुरू करा, पेडल पूर्ण दाबा, ४-५ सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्कश आवाज न येता गिअर पडला, तर क्लच नीट सुटतोय.

४. थोडं चालवून इंजिन तापल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

लक्षणावरून कारण

- पेडल मऊ, दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो: आत हवा आहे.
- पेडल घट्ट आणि जड, पण गिअर सहज पडतो: मास्टरचा बोअर मोठा किंवा पेडलचं प्रमाण कमी.
- पेडल हलकं, तळाला टेकतं, तरी गिअर पडत नाही: मास्टरचा बोअर लहान किंवा प्रवास कमी.
- थंड असताना ठीक, तापल्यावर क्लच घसरतो: पुश रॉडला मोकळीक नाही.
- टाकीतली पातळी घटते, पेडलजवळ पत्र्याचा रंग सुटतो: मास्टरचं मागचं रबर गळतंय.

सिलिंडर बदलण्याआधी पेडलचं प्रमाण बदलून बघा. पुश रॉडची पिन पेडलच्या खिळीपासून ५० मिमीऐवजी ६० मिमीवर घेतली, तर प्रमाण ६ वरून ५ होतं. १९ मिमीच्या मास्टरचं पेडल मग ११८ ऐवजी ९८ मिमी दाबावं लागतं आणि जोर १० वरून १२ किलोवर जातो. पिनची जागा बदलण्याचं काम गावच्या वेल्डरकडे होतं, नवा सिलिंडर घ्यावा लागत नाही. मात्र पिन हलवल्यावर रॉड पिस्टनच्या रेषेत राहतो का आणि मोकळीक तेवढीच आहे का, हे पुन्हा तपासा.

बाजारात जाण्याआधी बेअरिंगची सरक, फोर्कचं प्रमाण, स्लेव्हचा बोअर आणि पेडलचं प्रमाण एका कागदावर लिहा. हे चार आकडे हातात असले की दुकानदार दाखवेल त्या सिलिंडरचा बोअर आणि स्ट्रोक बघून, तो तुमच्या गाडीला चालेल की नाही, हे तुम्हालाच तिथल्या तिथे ठरवता येईल.